हिवाळ्यानंतरची पहिली किक

बँकेतील एखाद्या बचत खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाकडून एकही व्यवहार झाला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. तरीही त्यातील रक्कम जागच्या जागी असते. ओळखीचे कागद आणि सही दिली की खाते पुन्हा चालू होते. यंत्राचे मात्र तसे नाही. उभ्या राहिलेल्या यंत्रातील ठेव दररोज थोडी थोडी झिजत असते. मालकाला वाटते, गाडी वापरली नाही म्हणजे ती जशीच्या तशी राहिली. प्रत्यक्षात बॅटरी उतरत असते, पेट्रोल शिळे होत असते, साखळीवर गंज चढत असतो आणि टायरमधील हवा कमी होत असते. वापराने जेवढी झीज होते, त्याहून वेगळी आणि कधी कधी अधिक झीज न वापरण्याने होते.

कॅनडासारख्या थंड देशात ही गोष्ट दरवर्षी नव्याने शिकावी लागते. तेथील ऑन्टारिओ प्रांतात नोव्हेंबरपासून रस्त्यांवर बर्फ आणि तो वितळवण्यासाठी टाकलेले मीठ असते. अशा रस्त्यावर दुचाकी चालवणे धोक्याचे, आणि मिठाने लोखंड खाल्ले जाते ते वेगळेच. म्हणून बहुतेक मोटारसायकली ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गॅरेजमध्ये जातात आणि एप्रिलमध्ये बाहेर येतात. ज्याने ठेवताना काळजी घेतली, त्याची गाडी वसंतात सहज सुरू होते. ज्याने घेतली नाही, त्याच्या नशिबी काय येते, याचा अनुभव सांगलीहून मिसिसॉगा येथे मुलाकडे गेलेल्या एका वडिलांनी घेतला.

झाकण काढल्यावर

घरात सारे त्यांना अण्णा म्हणतात. एस.टी. महामंडळाच्या विभागीय कार्यशाळेत त्यांची तीन दशकांहून अधिक सेवा झाली. इंजिन उघडणे, बसवणे, आवाजावरून दोष ओळखणे हा त्यांचा जन्मभराचा व्यवसाय. तरुणपणी त्यांच्याकडे राजदूत होती. मुलगा अभियांत्रिकीला गेला त्या वर्षी फीच्या रकमेत थोडी भर पडावी म्हणून त्यांनी ती विकली. त्याविषयी घरात कधी चर्चा झाली नाही. पण त्याच मुलाने परदेशात स्थिरावल्यावर जुनी रॉयल एन्फिल्ड क्लासिक ५०० विकत घेतली, तेव्हा तिचे पहिले छायाचित्र त्याने अण्णांनाच पाठवले होते.

रॉयल एन्फिल्ड हे नाव मूळचे इंग्लंडमधले. १९५५ साली मद्रास येथे भारतीय कंपनी उभी राहिली, पुढे इंग्लंडमधील कारखाना बंद पडला आणि नाव भारतात टिकले. भारतात तयार होऊन कॅनडात पोहोचलेल्या त्या गाडीचे अण्णांना म्हणूनच अधिक कौतुक वाटे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अंगणातील बर्फ विरघळला आणि अण्णांनी गॅरेजमधील गाडीवरचे कापड काढले. गाडीची अवस्था पाहून ते काही वेळ बोलले नाहीत. पुढचा टायर अर्धा बसला होता. साखळी तांबडी पडली होती. टाकीवर धुळीचा थर होता. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलाने ती जशी आणून उभी केली, तशीच ती सहा महिने उभी होती. ना बॅटरी काढली, ना टाकी भरली, ना साखळीला तेल लावले.

"या वर्षी जमलंच नाही, अण्णा," मुलगा म्हणाला. "आता ही देऊनच टाकायची म्हणतोय. एक जण आहे तसल्या अवस्थेत न्यायला तयार आहे."

"किती देतो म्हणतो?"

मुलाने आकडा सांगितला. चालू गाडीच्या किमतीच्या तो निम्माही नव्हता.

"आधी चालू होते का बघू तर खरं. मग विकायचं ते ठरवू," अण्णा म्हणाले.

वीज नाही तर पेट्रोलही नाही

मुलाने किल्ली फिरवून सेल्फचे बटण दाबले. 'टक्' असा एक आवाज आला आणि दिवे विझले. अण्णांना त्याचे काही वाटले नाही. या गाडीला किकही होती, आणि बॅटरी उतरलेली गाडी किकने सुरू करणे हे त्यांच्या पिढीला नवे नव्हते. त्यांनी स्वेटर काढून ठेवला. पंधरा-वीस किका मारून झाल्या. इंजिनाने साधी ठिणगी पडल्याची खूणही दाखवली नाही. अण्णा घामाघूम होऊन पायरीवर बसले.

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. गाडी सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकी काय कमी आहे, एवढाच प्रश्न असतो. कार्यशाळेत नव्या उमेदवारांना अण्णा हेच पहिल्या दिवशी शिकवीत. त्या दिवशी मात्र उत्तर मुलाने दिले.

"अण्णा, किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी. ती येतच नाही."

ती घरघर इंधनपंपाची. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरते. नळ उघडला की काम झाले. या गाडीत कार्बोरेटर नाही. टाकीतील विजेचा पंप पेट्रोलला दाब देतो आणि एक छोटा संगणक किती पेट्रोल, केव्हा फवारायचे ते ठरवतो. पंप आणि संगणक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पुरती मेलेली असेल तर शंभर किका मारूनही सिलिंडरमध्ये पेट्रोलचा थेंब जाणार नाही. ज्या विद्येवर अण्णांचे आयुष्य गेले, तिच्या पुढचे एक पान मुलाने उघडून दाखवले होते. त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे पहिलं काम बॅटरीचं."

बॅटरी बाहेर काढली. हे काढणेही क्रमाने करावे लागते: आधी ऋण टोकाची तार, मग धन टोकाची. बसवताना याच्या उलट. पाना हातात असताना गाडीच्या लोखंडाला लागून ठिणगी उडू नये, यासाठी हा नेम. मग अण्णांनी बॅटरीचे खोके चारी बाजूंनी निरखले. शिसे-आम्लाची पूर्ण भारित बॅटरी उणे पन्नास अंशांच्या थंडीतही गोठत नाही. पण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पाण्यासारखे पातळ झालेले असते आणि ते उणे दहाच्या आसपासही गोठू शकते. गोठले की खोके फुगते किंवा तडकते. अशी बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते. ही सुदैवाने शाबूत दिसली.

मल्टिमीटरने अकरा व्होल्टच्या आसपास दाखवले. निरोगी बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ ते १२.८ दाखवते. शेजाऱ्याकडून चार्जर आणला. दुचाकीची बॅटरी मोटारीच्या चार्जरवर घाईने तापवायची नसते. तिच्या क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा प्रवाह द्यावा, म्हणजे १४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे १.४ अँपिअर. एक रात्र आणि एक दिवस चार्जिंग झाले. पण चार्जर काढून काही तास ठेवल्यावर आकडा पुन्हा १२ वर घसरला. दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिल्यामुळे आतील पट्ट्यांवर कठीण थर जमला होता. तो आता जाणार नव्हता. नवी बॅटरी मागवावी लागली. ऑक्टोबरमध्ये दहा मिनिटे देऊन ती काढून घरात ठेवली असती आणि महिन्यातून एकदा चार्ज केली असती, तर हा खर्च वाचला असता.

टाकीतील शिळे पेट्रोल

बॅटरी येईपर्यंत अण्णांनी टाकीचे झाकण उघडून वास घेतला. ताज्या पेट्रोलचा उग्र वास तेथे नव्हता. जुन्या वार्निशसारखा आंबट वास होता. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातील हलके, लवकर पेट घेणारे भाग आधी उडून जातात. उरलेले हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट होतात आणि तो चिकटा इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत किंवा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. कॅनडातील पेट्रोलमध्ये ते मिसळलेले असते, आणि भारतात तर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागले आहे. सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना इथेनॉल म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून ते रोज बाहेर पडते. त्याचा एक गुणधर्म असा की ते हवेतील ओलावा शोषून घेते. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतील हवेतला ओलावा गार पत्र्यावर थेंब होऊन जमतो. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. पंप पेट्रोल ओढतो तेही तळातूनच. म्हणून गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरावी, त्यात पेट्रोल टिकवणारे द्रव्य घालावे आणि इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते द्रव्य सर्व नळ्यांत पोहोचते.

यांची टाकी अर्धी होती. सारे पेट्रोल काढून झाकणाच्या डब्यात भरले. काचेच्या बरणीत घेतलेल्या नमुन्यात तळाशी गढूळ पाण्याची रेघ स्पष्ट दिसली. ते गटारात ओतण्याचा विचारही कोणी केला नाही. नगरपालिकेच्या घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात डबा नेऊन दिला.

गाडीतले बिऱ्हाड

तिसरी गोष्ट हवेची. एअर फिल्टरचे झाकण उघडताच अण्णांचा हात थांबला. आत कापसासारख्या धाग्यांचे, कागदाच्या कपट्यांचे आणि फिल्टरच्याच कुरतडलेल्या तुकड्यांचे घरटे होते. त्यात करंगळीच्या पेराएवढी, डोळेही न उघडलेली उंदराची पाच पिल्ले एकमेकांना बिलगून पडली होती.

कोणी काही बोलले नाही. दोन दिवसांपूर्वी गाडी सुरू झाली असती तर काय झाले असते, हे दोघांच्याही ध्यानात एकदमच आले. त्या दिवशी ज्या मेलेल्या बॅटरीचा त्यांना राग आला होता, तिनेच ही पाच पिल्ले वाचवली होती.

अण्णांनी झाकण अलगद पूर्वीसारखे टेकवले. मुलाने गॅरेजच्या कोपऱ्यात, उबदार भिंतीलगत, पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवले आणि त्यात कापूस घातला. पिल्लांना हात लावायचा नाही, गाडीला स्पर्श करायचा नाही आणि दिवा बंद ठेवायचा, एवढे ठरले. घरट्याची जागा उघडी पडली की आई बहुधा पिल्लांना स्वतःच उचलून दुसरीकडे नेते. तिला तेवढा वेळ देणे एवढेच माणसाच्या हाती होते.

गाडी नेणाऱ्याला मुलाने कळवले, "आठवडाभर थांबावं लागेल." कारण विचारल्यावर खरे तेच सांगितले. पलीकडचा माणूस हसला, पण थांबायला तयार झाला.

तळघरातील दार

त्या रिकाम्या दिवसांत बापलेक गॅरेजबाहेरच्या पायरीवर बसून साखळी साफ करीत. साखळी काढून रॉकेलच्या डब्यात भिजवायची, जुन्या दातघासणीच्या ब्रशाने एकेक कडी घासायची, पुसायची, वाळवायची आणि मग तेल द्यायचे, असे ते संथ काम. हात गुंतलेले असले की माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. कदाचित त्यामुळेच दुसऱ्या दिवशी मुलगा बोलला.

फेब्रुवारीत त्याला कामावरून कमी केले होते. रोज सकाळी तळघरातील खोलीचे दार लावून बसणारा मुलगा काम करीत नव्हता. कामासाठी अर्ज करीत होता. सुनेच्या पगारावर घर चालले होते. आई-वडील इतक्या दुरून आलेले, त्यांना कशाला सांगायचे, म्हणून दोघांनी गप्प राहायचे ठरवले होते. गाडीकडे लक्ष गेले नाही याचे कारण आळस नव्हते. विकायची घाई होती ती जागा अडते म्हणून नव्हे, तर पैशांसाठी.

अण्णा साखळी घासत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आईला सांगितलंस का?"

"नाही."

"तिला ठाऊक आहे. मला म्हणाली होती मार्चमध्येच. पोरगं जेवताना बोलत नाही म्हणाली."

मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी अण्णांनी एवढेच सांगितले, की विकायची तर विकू. पण मोडकी म्हणून नाही, चालती म्हणून विकू. पडेल किमतीला दिलेल्या वस्तूत माणूस आपली किंमतही कमी करून घेतो.

त्यात व्यवहारही होता. ऑन्टारिओत जुनी गाडी घेणाऱ्याला ती रस्त्यावर आणण्यासाठी अधिकृत केंद्राचे सुरक्षितता प्रमाणपत्र लागते, आणि ते छत्तीस दिवसच ग्राह्य असते. प्रमाणपत्रासह विकलेल्या गाडीला आणि 'आहे त्या स्थितीत' विकलेल्या गाडीला मिळणाऱ्या किमतीत मोठे अंतर असते. नवी बॅटरी, तेल, फिल्टर, ब्रेकचे द्रव आणि तपासणी असा खर्च मुलाने कागदावर मांडला. बेरीज त्या अंतरापेक्षा बरीच कमी आली.

चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडले तेव्हा घरटे रिकामे होते. कोपऱ्यातील खोक्यातला कापूसही तसाच होता. आईने आपली जागा स्वतः शोधली होती; कोठे, ते कोणालाच कळले नाही.

उंदरांच्या लेंड्यांतून आणि मूत्रातून आजार पसरू शकतात. म्हणून ती जागा कोरडी झाडली नाही. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, आधी जंतुनाशक फवारून सारे ओले केले आणि मग कापडाने टिपून घेतले. सायलेन्सरच्या तोंडातही बॅटरीचा उजेड टाकून पाहिला. कुरतडलेली वायर कोठे आहे का, हे पाहण्यात एक दुपार गेली. एका ठिकाणी वरचे आवरण गेले होते. तेथे चिकटपट्टी बसली. नवा फिल्टर आला.

बंद दाराचा मोह

इंजिनातील तेल बदलले. जुने तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. म्हणजे त्यात पाणी शिरले नव्हते. प्लग काढून साफ केला. त्या छिद्रातून तेलाचे काही थेंब सिलिंडरमध्ये सोडले, गाडी वरच्या गियरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवले आणि पिस्टन अडखळत नाही याची खात्री केली. महिनोन्‌महिने कोरडे राहिलेले पिस्टन आणि सिलिंडर एकदम वेगाने घासले जाऊ नयेत, यासाठी ही खबरदारी. मग प्लग बसवला, ताजे पेट्रोल भरले, नवी बॅटरी जोडली.

संध्याकाळ झाली होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि पारा शून्याजवळ होता. अण्णा म्हणाले, "दार लावून घे. एकदाच सुरू करून बघू."

घरात जाणाऱ्या दारातून सून पाहत होती. ती सहसा सासऱ्यांच्या शब्दावर बोलत नसे. "नाही अण्णा, दार लावून नाही," ती म्हणाली. "गाडी बाहेर काढा. नाहीतर उद्या."

तिचे बरोबर होते. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच ग्लानी येते. बंद गॅरेजमध्ये काही मिनिटांत तो घातक पातळी गाठू शकतो आणि दाराच्या फटीतून घरात शिरतो. दार अर्धे उघडे ठेवणे हाही उपाय नव्हे. एस.टी.च्या कार्यशाळेला भिंती तीनच होत्या आणि वारा मोकळा होता. अण्णांना ही सवयच नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहून मान हलवली आणि किल्ली काढून मुलाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. गाडी ढकलत अंगणात आणली. किल्ली फिरवताच टाकीतून बारीक घरघर ऐकू आली आणि थांबली. मुलाने किल्ली दोन वेळा बंद-चालू केली, म्हणजे रिकाम्या नळीत पेट्रोल भरले. पहिल्या खेपेला इंजिन नुसते फिरले. दुसऱ्या खेपेला एक धडाका होऊन थांबले. तिसऱ्या खेपेला त्याने श्वास धरला. सायलेन्सरमधून पांढुरका धूर आला, सिलिंडरमध्ये सोडलेले तेल जळाले आणि मग तो ओळखीचा, ठाय लयीतला आवाज स्थिर झाला.

मुलाचा हात ॲक्सिलरेटरकडे गेला. अण्णांनी बोट वर केले. "राहू दे. आधी तेल वर चढू दे."

पाच मिनिटे दोघे नुसते ऐकत उभे राहिले. आईने खिडकीतून पाहिले आणि चहा ठेवला.

सुरू झाली म्हणजे झाले असे नाही

बहुतेक लोक येथेच चूक करतात. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात हेल्मेट घालून रस्त्यावर निघतात. इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ब्रेक लागला नाही तर उभा राहण्याचीही संधी मिळत नाही. म्हणून अण्णांनी त्या दिवशी गाडी अंगणाबाहेर जाऊ दिली नाही.

पुढच्या डिस्क ब्रेकची मूठ दाबली तर ती लिबलिबीत लागली. ब्रेकमधील द्रव इथेनॉलप्रमाणेच ओलावा शोषतो. ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. हा द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा असा नेम आहे. द्रव काढला तेव्हा तो चहाच्या रंगाचा होता. नवा भरून नळीतील हवा बाहेर काढल्यावर मूठ टणक झाली. डिस्कवरचा वरवरचा गंज पहिल्या काही ब्रेकांत जातो, पण पॅड किती उरले आहेत ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

टायरमध्ये हवा भरली आणि बाजूच्या भिंतींवर बारीक चिरा आहेत का ते पाहिले. टायरवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. मागचा टायर जुना निघाला. रबर नक्षीवरून चांगले दिसत असले तरी वयाने कडक होते. तोही बदलला. साखळीचा सैलपणा साधारण इंचभर ठेवला. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, क्लचची तार, एकेक तपासून झाले. हिवाळ्यापुरता कमी केलेला विमा पूर्ववत केल्याचे कंपनीकडून कळल्यावरच मुलगा रस्त्यावर गेला. पहिली फेरी गल्लीपुरती, चालण्याच्या वेगाने, दर वीस पावलांवर ब्रेक लावून बघत.

प्रमाणपत्र पहिल्याच तपासणीत मिळाले. तोच गिऱ्हाईक आला आणि त्याने चालू गाडीची रास्त किंमत दिली. मुलाने त्याला काय बदलले, काय दुरुस्त केले आणि वायरीवर चिकटपट्टी कोठे आहे, हे सारे दाखवले. अण्णांनी एक कागद लिहून ठेवला होता. ऑक्टोबरमध्ये गाडी ठेवताना काय काय करायचे त्याची यादी. मुलाने तिचे इंग्रजी करून किल्लीबरोबर दिली. गाडी वळणापलीकडे गेल्यावरही आवाज काही क्षण ऐकू येत होता. मुलगा आत निघून गेला. अण्णा अंगणातील हत्यारे पुसून पेटीत भरत राहिले.

सांगलीतील दार

मेच्या अखेरीस अण्णा परतले. त्यांच्या स्वतःच्या दारात सहा महिने उभी असलेली स्कूटर होती. शेजारचा मुलगा मदतीला धावत आला आणि किकवर पाय ठेवला. "थांब बाळ," अण्णा म्हणाले, "आधी आत कोणी राहतंय का बघू."

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहतात. कोणी मुलांकडे परदेशी जातो, कोणी आजारपणात असतो, कोणाची गाडी सारा पावसाळा पडवीत भिजते. अशा घरांसाठी अण्णांच्या त्या कागदातील मुद्दे येथे उपयोगी पडावेत.

गाडी ठेवताना: ती धुऊन पूर्ण कोरडी करावी. टाकी भरून ठेवावी. कार्बोरेटरची गाडी असेल तर नळ बंद करून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. इंजिनाचे तेल बदलावे. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करून घ्यावी. साखळीला तेल द्यावे, टायरमध्ये पुरेशी हवा भरावी आणि शक्य असल्यास डबल स्टँडवर उभी करावी. प्लास्टिकने गुंडाळू नये. आत ओलावा कोंडतो. सुती कापड पुरते.

गाडी काढताना: आधी पाहावे, मग हात लावावा. एअर फिल्टर आणि सायलेन्सरमध्ये उंदीर, पाल, गांधीलमाशीचे पोळे नाही ना, हे बघावे. पेट्रोलचा वास घ्यावा. बॅटरी, तेल, ब्रेक आणि टायर तपासल्यावरच इंजिन सुरू करावे, तेही उघड्यावर. कागदपत्रे विसरू नयेत. विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत गाडी उभी असली तरी संपत असते. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते.

अण्णांच्या स्कूटरमध्ये कोणी राहत नव्हते. तेल, पेट्रोल, ब्रेक पाहून झाल्यावर ती चौथ्या किकला सुरू झाली. त्या रात्री मिसिसॉगाहून फोन आला. नोकरीच्या दोन मुलाखती ठरल्या होत्या. अजून पक्के काही नव्हते. बोलणे संपताना मुलाने विचारले, "स्कूटर सुरू झाली का, अण्णा?" अण्णांनी सांगितले, झाली, आणि बॅटरीचा आकडाही सांगितला.